आणि मग मला जाग आली

"आणि मग मला जाग आली आणि कळलं की ते सगळं स्वप्न होतं."

हे वाक्य मी आजवर किती वेळा वाचलं असेल याची मोजदाद नाही. या वर्षी नववीच्या माझ्या तुकडीत ४२ पोरं, त्यातल्या ३१ जणांनी गोष्ट लिहून दिली (बाकीचे ११ अजून 'उद्या आणतो सर' वरच आहेत) आणि त्या ३१ मध्ये ९ जणांना शेवटी जाग आली. ६ गोष्टींत कोणीतरी मेलं, बहुतेक आजीच. ५ जणांचा हरवलेला कुत्रा परत आला. ४ जणांनी खाली 'तात्पर्य' लिहून त्याच्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या. आणि उरलेल्या ७ गोष्टींना शेवटच नव्हता, पान संपलं म्हणून गोष्ट संपली.

मी चिपळूणला एका शाळेत मराठी शिकवतो. वीस-बावीस वर्षं झाली. नववीला दरवर्षी एक गोष्ट लिहून घेतो, आणि लिहून घेतो म्हणजे एकदा नाही, तीनदा. नववीच का तर दहावीला बोर्ड असतं, तिथे श्वास घ्यायला वेळ नाही, आणि आठवीतली पोरं फार लाजतात. नववी हे मधलं वर्ष. कोणाचं लक्ष नसतं, पालकांचंही नाही. म्हणून त्यात आपल्याला थोडं काही करता येतं.

आता स्वप्नाचं म्हणाल तर त्यात पोरांचा दोष नाही. आपणच शिकवलंय. बोर्डाच्या पेपरात कथालेखन असतं ५ गुणांना, जाहिरात, बातमी आणि कथा यातल्या कुठल्याही दोन कृती सोडवायच्या, त्यामुळे निम्मी हुशार पोरं कथेला हातच लावत नाहीत, जाहिरात बरी, चौकट मारली, 'त्वरा करा त्वरा करा' लिहिलं की झालं. जे कथा लिहितात त्यांना आपण काय सांगतो? शीर्षक द्या. सुरुवात दिली असेल तर ती पूर्ण करा. शेवटी तात्पर्य लिहा. म्हणजे गोष्ट म्हणजे एक गणित, मांडणी दिलीय, उत्तर काढा, उत्तराखाली रेघ मारा. मग पोरगं बिचारं करणार काय, राक्षस आणून बसवलाय तिसऱ्या परिच्छेदात, पाचव्या मिनिटाला घंटा होणारे, त्या राक्षसाला घालवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे डोळे उघडायचे.

दुसरी गंमत 'सुधारणे' या शब्दाची. मी पहिल्या वर्षी सांगितलं, गोष्ट सुधारून आणा. दुसऱ्या दिवशी सगळे आले, आनंदात. तीच गोष्ट, शब्दाला शब्द तीच, फक्त अक्षर सुंदर. एकीने समासाला फुलं काढलेली. एकाने तर लॅमिनेशन करून आणलं होतं, म्हणजे आता त्यावर मी पेन्सिलही चालवू शकत नव्हतो. विचारलं तर म्हणाले, "फेअर केलं ना सर." हा 'फेअर' शब्द म्हणजे एक मोठं प्रकरण आहे. आमच्याकडे दोनच अवस्था, रफ आणि फेअर. रफ म्हणजे घाण, फेअर म्हणजे स्वच्छ. गोष्ट मोडायची, तिचा पाय काढून हात लावायचा, मधलं पान पुढे आणायचं, हे 'फेअर'च्या कल्पनेतच बसत नाही. एकदा चांगल्या अक्षरात लिहिलं की त्याला धक्का लावायचा नाही, जसं काही रांगोळी आहे.

मी त्यांना अधूनमधून सांगतो की मोठे लोकसुद्धा पुन्हा लिहायचे. 'सत्यकथा' मासिकाचं उदाहरण देतो, १९३३ ला सुरू झालं, १९८२ ला बंद पडलं, आणि त्यात छापून यावं म्हणून मराठीतले भलेभले जीव टाकायचे. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन. कथा आली की वाचायची, इथे असं का झालं असं विचारायचं, लेखकाला पुन्हा लिहायला लावायचं. पोरं म्हणतात, म्हणजे रिटर्न यायची? हो, रिटर्न. "मग ते लेखक रागवायचे नाहीत?" रागवायचे की. त्या मासिकाच्या अंकाची चक्क होळीसुद्धा केलेली आहे तरुण लेखकांनी, १९६९ मध्ये, अर्थात त्यामागे रिटर्नपेक्षा मोठी भांडणं होती. पण होळी म्हटल्यावर वर्ग एकदम जागा होतो. मागून कोणीतरी हळूच विचारतं, "सर, आपली वही पण जाळायची का शेवटी?"

पण मला आज सांगायचंय ते माझ्या चुकीचं.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वर्गात एक मुलगा होता, वाडीवरून एसटीने यायचा, सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. त्याचे वडील लोट्याला, एमआयडीसीत, केमिकलच्या कंपनीत. याने गोष्ट लिहिली ती वडिलांच्या शर्टाच्या वासावर. म्हणजे बाबा रात्रपाळी करून पहाटे घरी येतात, पोरगं अंथरुणात डोळे मिटून पडलेलं असतं आणि ओटीवर कोण आलंय ते त्याला वासावरून कळतं. आज पिवळ्या पावडरीवर काम होतं, आज कुजलेल्या अंड्यासारखं काहीतरी, आज साबणाचा वास म्हणजे कंपनीतच अंघोळ करून आलेत म्हणजे आज काहीतरी सांडलंय अंगावर. दोन पानं. मी स्टाफरूममध्ये वाचली आणि चहा तसाच गार झाला.

शेवट असा होता. एके रात्री पाऊस फार, गाडी बंद, बाबा वेळेवर आले नाहीत. आई दारात. पोरगं जागं. मग उजाडता उजाडता बाबा आले. "बाबा आले. ओले झाले होते. वास कसलाच नव्हता. मग आम्ही चहा घेतला."

मला वाटलं हा काय शेवट आहे? एवढं ताणून चहा? तेव्हा एका स्पर्धेला गोष्ट पाठवायची होती, दोन दिवस राहिले होते. मी त्याला बसवलं आणि म्हटलं बघ, असं केलं तर? बाबा येतच नाहीत. कंपनीत अपघात होतो. मग घरी फक्त त्यांचा शर्ट येतो, पिशवीतून, आणि मुलगा त्या शर्टात तोंड खुपसतो. तो म्हणाला, "बरं सर." नाही म्हणायची सोय कुठे होती त्याला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. शेवटचा परिच्छेद तर मी माझ्याच हाताने लिहिला आणि त्याने तो 'फेअर' केला.

बक्षीस मिळालं. पहिलं. सगळ्यांनी शेवटाचंच कौतुक केलं. मी पेढे वाटले. चार दिवसांनी त्याला विचारलं, घरी काय म्हणाले? तो बराच वेळ बुटाच्या टोकाकडे बघत होता. मग म्हणाला, "आवशीनं वाचलान नि रडली. म्हनाली, बापूस जित्ता हाय ना तुजा, आसं कशाला लिवलंस." सर्टिफिकेट भिंतीवर लावलं नाही तिने. फळीवर पालथं ठेवलं म्हणे.

त्यानंतर त्याने वर्षभरात काही लिहिलं नाही. निबंध लिहायचा, पत्र लिहायचा, मार्कही बरे पडायचे. पण गोष्ट म्हटलं की "मला नाय जमत सर." आणि "वास कसलाच नव्हता, मग आम्ही चहा घेतला" यासारखा शेवट मला त्यानंतर कुठल्या पोराकडून मिळालेला नाही. पावसाने सगळा वास धुवून नेलाय, बाप नुसता बाप म्हणून घरी आलाय, आणि पोराला वासाशिवाय ओळखायचाय. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला रडणं हवं होतं. स्पर्धा होती ना.

तेव्हापासून मी पेन बाजूला ठेवलं. पोरांच्या गोष्टीवर काही लिहायचं नाही, शुद्धलेखन सोडून. फक्त विचारायचं. आणि विचारायचं तेही 'यातून तुला काय सांगायचंय' असलं मोठं काही नाही, कारण त्याला पोरं ताबडतोब 'माणुसकी' असं उत्तर देतात. बारीकसारीक विचारायचं. किती वाजले होते. दार आत उघडतं का बाहेर. आजी गेली तेव्हा गॅसवर काय होतं. बसमध्ये तू खिडकीकडे होतास का. पोरं सुरुवातीला वैतागतात, सर काय पोलीस आहेत का. पण एखाद्या प्रश्नाला पोरगं एकदम थांबतं, नजर वर जाते, आणि मग जे बोलतं ते वहीत कुठेच नसतं.

आणि मोठ्याने वाचायला लावायचं, स्वतःची गोष्ट स्वतः. जिथे पोरगं अडखळतं तिथे बहुतेक वेळा वाक्यच खोटं असतं. एकाने वाचलं, "आई, मी क्रीडांगणावर जात आहे" आणि स्वतःच हसला. घरी काय म्हणतोस? "आये, मी खेलाय जातंय." मग तसंच लिही की. "चालेल? मार्क जातील ना?" गोष्टीतल्या माणसांच्या तोंडची भाषा आहे ती, कशाला जातील मार्क. पण हे पटवायला दरवर्षी आठवडा जातो. पुस्तकात जी भाषा नाही ती भाषा वहीत आणायची म्हणजे चप्पल घालून देवळात गेल्यासारखं वाटतं त्यांना. तसंच नावांचं. वाडीतलं पोर लिहितं, पण गोष्टीतला मुलगा कायम पुण्याचा आणि त्याचं नाव राहुल. या राहुलला मी वीस वर्षं ओळखतो, तो मोठाच होत नाही.

अलीकडे आणखी एक प्रकार सुरू झालाय. मोबाईलवर चॅटजीपीटीला सांगितलं की गोष्ट तयार. ती लगेच ओळखू येते, एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही आणि पहिल्याच ओळीत सूर्याची सोनेरी किरणं डोंगरावर पसरलेली असतात. मी रागवत नाही. फक्त विचारतो, यातल्या आजीच्या घरात बाथरूम कुठेय? गप्प. तेवढ्यावर पोरगं दुसऱ्या दिवशी नवी गोष्ट आणतं, वाकडी-तिकडी, पण त्यात बाथरूम परसात असतं आणि रात्री तिकडे जायला भीती वाटत असते.

तर या वर्षी त्या 'तात्पर्य' वाल्या चौघांमध्ये एक मुलगी होती. मधल्या रांगेत बसते, फारशी बोलत नाही. बाजारपेठेच्या भागात तिच्या पप्पांचं किराणा मालाचं छोटं दुकान. (तिला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिहा सर, पप्पा असलं वाचत नाहीत, फक्त गल्ली नका सांगू." म्हणून गल्ली सांगत नाही, आणि एकदोन गोष्टी इकडच्या तिकडे केल्यात.)

तिची गोष्ट होती २०२१ च्या पुरावर. चिपळूणला पुरावर लिहिणारी पोरं दरवर्षी असतातच. २२ जुलै २०२१, गुरुवार. रात्रभर पाऊस, वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या, वर भरतीची वेळ, आणि सकाळी बाजारपेठ पाण्यात. काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला टेकलं होतं. २००५ च्या पुराच्या खुणा भिंतींवर होत्या, लोक अंदाजाने त्या खुणेच्या वर सामान ठेवून मोकळे झाले होते, पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं, २००५ ला पुस्तकं भिजली होती, सावरतंय सावरतंय तोवर २०२१ ला पुन्हा. आत्ताची नववीची पोरं तेव्हा चौथी-पाचवीत. त्यांच्या पुराच्या गोष्टींत हेलिकॉप्टर नक्की असतं आणि बोट असते. गाळ फार कमी जणांच्या गोष्टीत येतो. खरं तर पूर एक दिवस होता आणि गाळ महिनाभर.

हिच्या गोष्टीचं नाव 'प्रामाणिकपणा'. दुकानात पाणी शिरतं. सगळा माल जातो. आणि उधारीची वही भिजते, सगळी नावं पुसली जातात. पप्पा डोक्याला हात लावून बसतात. मग एकेक गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, माझे एवढे द्यायचेत हो. सगळे येतात. पप्पांच्या डोळ्यांत पाणी. तात्पर्य: जगात अजून माणुसकी शिल्लक आहे. दोन रेघा.

उधारीची वही हे मला एकदम लागलं. एवढ्या वर्षांत पुराच्या गोष्टीत कोणी वही आणली नव्हती. मी तिला पुढे बोलावलं, बाकीची पोरं आपापलं करत होती म्हणजे गोंधळ घालत होती. विचारलं, सगळे खरंच आले?

"नाही सर."

किती आले?

"दोघं. एक आजी आली, तिने आठवून आठवून सांगितलं, साखर, मग म्हणाली तेल पण होतं गो. आणि एक काका आले. त्यांनी कमी सांगितलं बहुतेक. पप्पा काय बोलले नाहीत."

आणि बाकीचे?

"ते आता आमच्या दुकानावरून जात नाहीत. मागच्या रस्त्याने जातात."

मागच्या रस्त्याने जातात. हे गोष्टीत का नाही? "वाईट दिसेल ना सर. ते ओळखीचे आहेत." बरं. मी पुढे विचारलं, वहीतलं सगळंच पुसलं? सगळं म्हणजे सगळं?

इथे ती थांबली. म्हणाली, नाही, सुरुवातीची पानं दिसत होती. मेपर्यंतची. पप्पांनी वही अजून माळ्यावर ठेवलीय, पिशवीत. दुसऱ्या दिवशी तिने त्या वहीचे फोटो आणले आईच्या मोबाईलवर. लांबट वही, लाल कापडी पुठ्ठ्याची, फुगून दुप्पट झालेली, कडेला गाळाची तपकिरी किनार, पानं पापडासारखी. पण अक्षरं! मेच्या पानावर स्वच्छ वाचता येत होतं, साखर २ किलो, चहा पाव, काडेपेटी. मग एक पान उलटलं की जून, आणि तिथून पुढे नुसता निळा डाग. कुठे कुठे एखादी उभी रेघ. पान निळं, मागचं निळं, सगळी आगोट त्या निळ्यात गेलेली.

आगोट म्हणजे बाहेरच्यांसाठी सांगतो, पावसाळ्याआधी भरून ठेवायचं सामान. कोकणात जूनची उधारी सगळ्यात मोठी असते, तांदूळ, डाळी, तेल, मीठ सगळं एकदम भरायचं, आणि पैसे गणपतीला, मुंबईचे चाकरमानी आले की. त्यात ते करोनाचं वर्ष. म्हणजे पुसलं गेलं ते नेमकं तेच.

मी फोटो वर्गाला दाखवले, आणि विचारलं, मेपर्यंतचं राहिलं आणि जूनचंच का गेलं? पाणी तर एकाच दिवशी आलं. वेगवेगळी उत्तरं आली. वरची पानं दबलेली असतील. देवाची करणी. शेवटी मागच्या बाकावरचा एक, ज्याने स्वतः गोष्ट दिलेलीच नाही, तो म्हणाला, "पेन वेगळं आसंल सर."

मग काय, करून बघितलं. मी टीचर नाही, इन्स्पेक्टर झालो होतो. एका कागदावर एक ओळ बॉलपेनने, एक ओळ दहा रुपयेवाल्या जेल पेनने. शिपाईमामांकडून बादली मागवली, ते दारात उभे राहून बघत होते की हे मराठीच्या तासाला काय चाललंय. कागद बुडवला. बॉलपेनची ओळ जशीच्या तशी, त्याची शाई तेलकट असते, पाणी तिचं काही करत नाही. जेलची ओळ आधी कडेने मऊ झाली, मग तिला धुमारे फुटले, मग बादलीच्या पाण्यात निळा धूर निघाल्यासारखं झालं. पोरं "ओऽऽ" करून ओरडली. बाजूच्या वर्गातून बाई आल्या, काय झालं बघायला.

ती ओरडली नाही. ती बादलीकडे बघत होती, आणि मग जाग्यावर जाऊन बसली.

त्या दिवशी मला काही कळलं नाही. मी आपला खूश, विज्ञान आणि मराठी एकत्र शिकवलं वगैरे. शाळा सुटल्यावर ती सायकल स्टँडपाशी थांबली होती. म्हणाली, "सर, ते जेल पेन माझं होतं."

पाचवीत होती तेव्हा ती. शाळा मोबाईलवर, पेनं नुसती कंपासपेटीत पडून. पप्पांचं बॉलपेन संपलं, जूनमध्ये बाजार धड उघडत नव्हता, त्यांनी हिला विचारलं, आणि हिने तिचं सगळ्यात चांगलं पेन दिलं. निळं, वर चकाकी असलेलं, वाढदिवसाला मिळालेलं. "मीच म्हटलं पप्पा हे घ्या, हे चांगलं चालतं."

मी काय बोलणार. अगं तुझी काय चूक, असं म्हणालो असेन. ते मास्तरांचं बोलणं, कोणीही बोलेल. तिने मान हलवली आणि सायकलचं कुलूप काढायला लागली. पप्पांना माहितीये? "नाही."

आणि खरं सांगू का, घरी जाताना पुलावरून माझ्या डोक्यात शेवट तयार झाला होता. पूर्ण. मुलगी रात्री पप्पांना सांगते, पप्पा काही न बोलता तिला जवळ घेतात, म्हणतात पेन गेलं तर गेलं, लेक आहे ना. बाहेर पाऊस. मला माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, गाडी चालवताना. पुढच्या क्षणी तो लोट्याचा शर्ट आठवला. गप घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, उद्या मी वर्गात कमी बोललो तर बरं.

तिने चार दिवस वही दिली नाही. मी विचारलं नाही. (हे सोपं नव्हतं, मधल्या सुट्टीत दोनदा तिच्या बाकापर्यंत जाऊन उगाच फळा पुसून आलो.) पाचव्या दिवशी वही टेबलावर. प्रामाणिकपणा हे नाव खोडलं होतं आणि नवीन नाव दिलंच नव्हतं. हेलिकॉप्टर गेलं होतं. गाळ आला होता, फावड्याने काढायचा गाळ, त्यात फुटलेल्या तेलाच्या पिशव्या आणि त्यामुळे घसरणारे सगळे. ती आजी होती, "तेल पण होतं गो" होतं. मागच्या रस्त्याने जाणारे होते, कोणाचं नाव न घेता, फक्त 'एक जण छत्री आडवी धरून गेला, पाऊस नसताना'. हे मी विचारलेलं नव्हतं. हे तिचं.

बादलीचा प्रसंग नव्हता. मला वाटलं होतं तो असणारच. नव्हता. त्याऐवजी मुलगी माळ्यावर वही वाळत घालायला पानं सोडवते आणि तिला मे दिसतो, जून दिसत नाही, आणि ती कंपासपेटी उघडून बघते, एवढंच. पेन तिचं होतं असं गोष्टीत कुठे लिहिलेलंच नाही. आणि शेवट असा होता:

"गणपतीच्या आधी पप्पांनी नवीन वही आणली. पहिल्या पानावर श्री लिहायला त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. मी बॉलपेन दिलं. पप्पा म्हणाले, जेल संपलं का? मी हो म्हटलं."

मी ते तीनदा वाचलं. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांना दाखवलं, ते इंग्रजी शिकवतात, त्यांनी वाचून पान उलटलं, मागे काही नाही बघून परत उलटलं. "छान आहे हो. पण संपली कुठे? पप्पांना कळलं का नाही? आणि याचं तात्पर्य काय घेणार?" मी म्हटलं मला पण माहीत नाही. म्हणाले, "मग गुण कसे देणार?" हा प्रश्न मात्र बरोबर होता. शीर्षक नाही, तात्पर्य नाही, तक्त्याप्रमाणे दोन गुण तिथेच गेले.

मी तिला बोलावून सांगितलं की झाली तुझी गोष्ट. 'मी हो म्हटलं' या तीन शब्दांत सगळं आहे, आता काही करू नकोस. म्हणजे बघा, पेन बाजूला ठेवलेला माणूस मी, तरी शेवटी शिक्का मारायला गेलोच. शाळेच्या वार्षिक अंकासाठी देऊया का असंही विचारलं. ती म्हणाली, "अंक घरी येतो सर." म्हटलं बरं, नको.

सोमवारी ती परत आली. "सर, एक बदल केलाय."

वही उघडली. 'मी हो म्हटलं' वर बारीक रेघ मारली होती, बॉलपेनने. आता गोष्ट पप्पांच्या प्रश्नावर संपत होती. जेल संपलं का?

मी म्हटलं अगं तेच तर सगळ्यात चांगलं वाक्य होतं. का काढलंस?

"तेव्हा मी काय म्हटलं ते मला आठवतच नाहीये. तुम्ही चांगलं म्हणालात म्हणून मी परत वाचलं, तर ते मी बनवलेलं वाटलं."

मी दोनदा सांगून बघितलं. गोष्टीत थोडं बनवलेलं चालतं, सगळेच बनवतात, छत्रीवाला तरी खरा होता का? "तो खरा होता," ती म्हणाली. मग मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तेवढ्यात घंटा झाली, पुढचा तास गणिताचा, ती वही टेबलावर ठेवून पळाली. अजून माझ्याकडेच आहे. त्या रेघेखालचं वाक्य स्पष्ट वाचता येतं.